तीनशे बारा शब्द

१२ जानेवारी
लागली! तारघरातली नोकरी लागली! आकाश ठेंगणं झालंय.

बंदरावरच्या टेकडीवर दोन खोल्या. बाहेर गिऱ्हाइकं, आत यंत्र. समुद्राखालून येणारी तार इथेच वर निघते. मागच्या बंदराचा निरोप उतरवून घ्यायचा, पुढच्याला द्यायचा — कट्ट, कडकट्ट! मी भीत भीत सांगून टाकलं, की मला इंग्रजीची नुसती अक्षरं येतात, भाषा नाही. तारमास्तर म्हणाले, "उत्तम! अर्थ कळला की माणूस विचार करतो, आणि विचार केला की हात चुकतो."

बाबांना हे पटलं नाही. बावीस वर्षं सरकारी शाळेत मास्तर, तेही आपल्या भाषेतून शिकवणारे. "अर्थाशिवाय अक्षर म्हणजे नुसता खडू," म्हणाले. पण खूश होते. ही वही त्यांनीच दिली.

१९ जानेवारी
आज एकही चूक नाही! आईला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिनंच मला सांगितलं.

६ फेब्रुवारी
कमाल झाली! दुपारी तार मोकळी होती आणि पुढच्या बंदरातून कोणीतरी चारच शब्द पाठवले. मी अक्षरं उतरवून तारमास्तरांना दाखवली. ते हसले. "विचारतोय, जेवलास का!"

हा माणूस हजार कोस लांब. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. साहेब मात्र दोघांचा एकच! म्हणून साहेबाच्या भाषेत विचारपूस. मी तारमास्तरांना विचारून 'हो' पाठवलं. माझा पहिला इंग्रजी शब्द! त्या माणसाचं नाव मी 'तिकडचा' ठेवलंय.

घरी येऊन तारघराच्या भिंतीवरच्या नकाशाचं सांगत सुटलो — कुठली कुठली बंदरं, सगळीकडे एकच भाषा! बाबा म्हणाले, "आधी गलबत येतं, मग गोदाम, मग कचेरी. कचेरीत अर्ज करायचा तर त्यांच्या भाषेत. भाषा अशी पसरते, बाळा. गोड आहे म्हणून नव्हे."

असेल. पण मी जेवलोय हे तिकडच्याला कळलं ना!

९ मार्च
तीनशे बारा शब्द!! राजधानीची सरकारी तार, सगळ्या बंदरांसाठी. एका बैठकीत उतरवली आणि तशीच तिकडच्याला पुढे पाठवली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही! तारमास्तरांनी खुर्चीतून उठून पाठ थोपटली. ते कोणासाठी उठत नाहीत. नोकरी कायम!

"काय होतं एवढं त्यात?" बाबांनी विचारलं.

"कोणास ठाऊक!" मी ऐटीत म्हणालो.

२ मे
बाबांनी कुठूनसा जुना शब्दकोश आणला. रोज संध्याकाळी मी एक इंग्रजी शब्द काढतो आणि बाबा त्याला आपले शब्द शोधतात. आज लाटेला पाच निघाले! बाबा लढाई जिंकल्यासारखे हसले. आई म्हणते, दोघांनाही वेड लागलंय.

दिवसा शब्दकोश तारघरात नेतो, म्हणून तिकडच्याशी आता रोज दोन-चार वाक्यं होतात. त्याला दोन मुली आहेत. धाकटी शाळेत जायला रडते म्हणे.

३ जून
तिकडच्यानं आज विचारलं, "तुमच्या भाषेतली शाळेची पाटी उतरवली का? आमची काल उतरवली. मार्चमधल्या तारेनं."

मार्चमधल्या? मी कपाटातला गठ्ठा सोडला. माझंच अक्षर. शब्दकोश घेऊन बसलो. एकेक शब्द, सबंध दुपार.

सरकारी शाळांत जुलैपासून फक्त इंग्रजी. जुन्या शिक्षकांनी सहा महिन्यांत इंग्रजीची परीक्षा द्यावी, नाहीतर जागा सोडावी.

आमच्याकडे अजून कोणाला कळवलेलं नाही. कागद कचेरीत फिरत असेल. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी बाबांच्या पायावर पाडला, आणि वर शाबासकी घेतली! ती तार तिकडच्यालाही मीच पाठवली. त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही.

४ जून
बाबांना सांगितलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचायला लावला. मग टोपी घातली आणि शाळेत गेले. वेळेवर.

५ जून
संध्याकाळी शब्दकोश काढायचं धाडस होईना. बाबाच आले. हातात पाटी, शाळेतल्या मुलांची असते तशी. माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"हं, गुरुजी, करा सुरुवात," म्हणाले. "पण नुसती अक्षरं नकोत. अर्थासकट."