फिटिंगसकट

३ एप्रिल २००५, रविवार

घर विकलं. म्हणजे तोंडी. रजिस्ट्रेशन पुढच्या महिन्यात. घेणारा मखमलाबादचा सावळीराम. गुलाब आणि झेंडूची शेती. मुलांना शहरातल्या शाळेत घालायचं म्हणून त्याला गंगापूर रोडलाच घर हवं होतं. अक्षय्य तृतीयेला राहायला यायचं म्हणतो. येऊ दे.

बोलणी मी एकट्याने केली. उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली, माणसं कशी हाताळायची हे मला शिकवावं लागत नाही. शेवटी मोठ्या मनाने म्हणालो, घर फिटिंगसकट देतो. एजंट कुंदनने मान डोलावली.

इंदिरानगरला फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे. कुसुमच्या गुडघ्यांसाठी. तिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

६ एप्रिल

सावळीराम बायकोला घेऊन आला. सुवर्णा नाव. खोल्या बघण्याऐवजी वर पंखे बघत होती. मग गिझर. मग इन्व्हर्टर. मी सांगितलं, फिटिंग म्हणजे नळ, कड्या, बिजागऱ्या. त्यांचं म्हणणं, भिंतीला स्क्रूने बसवलंय ते सगळं फिटिंग. अडाणीपणा. स्क्रू काय, आरशालाही असतो.

मी शांतपणे समजावलं की गिझर कुसुमचा आहे. तिच्यासाठीच घेतला होता. तिला बटणाचासुद्धा त्रास नको म्हणून बटण माझ्या खोलीत बसवून घेतलं होतं. दहा मिनिटं झाली की मीच बंद करायचो. एवढी काळजी कोण घेतं?

सुवर्णाने विचारलं, मग पाणी गार झालं की काकू आतून हाक मारायच्या का. मी म्हटलं, सुरुवातीला मारायची. पुढे सवय झाली.

तिने नवऱ्याकडे बघितलं. बहुधा पटलं.

निश्चय: यापुढे आवाज चढवायचा नाही. आज फक्त एकदा चढला.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली नाही. काठी सापडली, पण पातळ कुठलं लावायचं ते कळेना. कुसुमचं कपाट जवळजवळ रिकामंच आहे. जाताना एवढं सामान का नेलं होतं कोण जाणे.

ती इराच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती अजून तिकडेच आहे. नात आता प्लेग्रुपला जाते. बायकांना आपणहून परत यायला संकोच वाटतो. आपणच निमित्त काढून द्यावं लागतं. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे सहीला तिला यावंच लागणार. हे मी आधीच ओळखलं होतं.

फोन इराने घेतला, मग कुसुमला दिला. घर विकल्याचं सांगितलं.  एवढंच म्हणाली, बरं. आनंदाने माणसाला शब्द सुचत नाहीत. फ्लॅटचं बोललो नाही, कसाबसा आवरलो. वस्तूंपैकी काय काय ठेवायचं ते विचारलं. म्हणाली, तुम्हाला हवं ते ठेवा. म्हणजे तिला सगळंच हवंय, पण मागणं तिच्या स्वभावात नाही.

निश्चय: एकही वस्तू सोडायची नाही.

१३ एप्रिल

कुंदन तडजोड घेऊन आला. पंखे, गिझर, पाण्याची मोटर त्यांना; फ्रीज, वॉशिंग मशिन, इन्व्हर्टर मला. मी ठाम नकार दिला. सगळंच कुसुमचं आहे म्हटल्यावर मी कोण देणारा?

सुवर्णाने वॉशिंग मशिनचं कव्हर वर करून बघितलं. बटणांवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच आहे. मी अभिमानाने सांगितलं, इरा शाळेत असताना घेतलं, फक्त दिवाळीत आणि पाहुणे आले की लावायचो. एरवी वीज आणि पाणी का घालवा? कुसुम मागच्या दगडावर धुवायची. व्यायाम होतो.

सुवर्णा म्हणाली, "मग काकूंसाठी घेतलं का मशिनसाठी?"

 अशा लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. नंतर बरीच चांगली उत्तरं सुचली.

१९ एप्रिल

सकाळी भारनियमन. वीज नसताना गिझर काढणं सुरक्षित, म्हणून स्वतःच काढायचं ठरवलं. प्लंबर लोक वस्तू खराब करतात.

गिझर निघाला. वरच्या टाकीचा कॉक बंद करायचा राहिला. टाकी बाथरूममध्ये, बाथरूम हॉलमध्ये. मी भोकाला टॉवेल दाबून उभा होतो, म्हणजे परिस्थिती तशी आटोक्यात होती.

तेवढ्यात सावळीराम आणि सुवर्णा माप घ्यायला आले. तो गच्चीवर जाऊन कॉक बंद करून आला. तिने पदर खोचला आणि खराट्याने पाणी बाहेर लोटलं. माप न घेताच दोघं परत गेले. त्यांना अपराधी वाटत असावं.

गिझर सध्या कुसुमच्या पलंगावर ठेवलाय.

२० एप्रिल

दुपारी सावळीराम डबा ठेवून गेला. पिठलं, भाकरी, ठेचा. हा सौद्यातला डाव आहे हे मी लगेच ओळखलं. खाल्लं, कारण अन्न टाकू नये. भाकरी मऊ होती. गरम असं बऱ्याच दिवसांनी काही खाल्लं.

डबा धुऊन ठेवलाय. आभार मानायचे नाहीत, नाहीतर पंखे मागतील.

२७ एप्रिल

कुंदन म्हणतो, असंच चाललं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मनातून धाकधूक वाटली. फ्लॅटवाल्याला शब्द दिलाय.

संध्याकाळी सावळीराम एकटाच आला. ओट्यावर बसला. म्हणाला, "काका, आपल्याला भांडण नाय करायचं. घर काकूंचंबी हाय. त्या सहीला येतील तेव्हा त्यांनाच विचारू. त्या म्हणतील ते."

मी ताबडतोब हो म्हटलं. बिचारा स्वतःहून सापळ्यात आला. कुसुमने आजवर माझ्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही.

५ मे

उद्या कुसुम येणार. इरा घेऊन येतेय. घर झाडलं. फ्रीज पुसला. गिझर पलंगावरून खाली घेतला आणि चादर बदलली.

आल्यावर वस्तूंचं उरकायचं, सही झाली की तिघांनी थेट फ्लॅटवर जायचं. स्वयंपाकघर पूर्वेला आहे. तिला दाखवताना काय म्हणायचं ते मनात जुळवून ठेवलंय. घाईत सांगायचं नाही.

६ मे, शुक्रवार

कुसुम आली. थोडी भरलीय. चालताना गुडघ्यावर हात ठेवला नाही.

सुवर्णा आणि सावळीराम आधीच येऊन बसले होते. सुवर्णाने तिच्या हातात मळ्यातले गुलाब दिले. कुसुमने त्यातला एक केसात माळला. तिला गुलाब आवडतो हे मला माहीत नव्हतं. कधी विषय निघाला नाही.

मग सुवर्णाने विचारलं, काय न्यायचं, काय ठेवायचं, ते तुम्हीच सांगा. कुसुम घरभर फिरली. मी मागोमाग. फ्रीज उघडून बंद केला. मशिनच्या कव्हरवरची धूळ बोटाने पुसली. स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. बाहेर आली आणि सुवर्णाला म्हणाली, "सगळं राहू दे. तुझी मुलं लहान आहेत. तुला लागेल."

मी म्हटलं, अगं, मग नव्या जागेत तू काय वापरणार? आणि मग फ्लॅटचंही सांगून टाकलं. लिफ्ट, पूर्वेचं स्वयंपाकघर, सगळं. जुळवलेलं तसं नाही आलं. घाईत सांगितलं गेलं.

"मी तिथे येणार नाहीये," कुसुम म्हणाली. "सहीला आलेय. संध्याकाळी आम्ही परत जातोय."

मी तिला आठवण करून दिली की यातली प्रत्येक वस्तू तिच्यासाठीच घेतली होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं. नेहमी घ्यायची तसंच.

"इराकडे गिझरचं बटण बाथरूमच्या दाराशी आहे," ती म्हणाली. "माझं मी लावते."

याचा इथे काय संबंध ते कळलं नाही. प्रवासाने थकली असावी. इरा खिडकीतून बाहेर बघत होती. सुवर्णाने डोळे पुसले. तिला तर आयतं सगळं मिळालं, रडायचं काय कारण?

रजिस्ट्रार ऑफिसमध्ये सह्या झाल्या. कुसुमची सही माझ्यापेक्षा स्वच्छ आली. बसस्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना तिने विचारलं, जेवणाचं काय करणार. मी म्हटलं, माझी काळजी करू नको. तिने मान हलवली.

काळजी करू नको असं म्हणायला नको होतं की काय.

१० मे

फ्लॅटवर आलो. गिझर बसवायला प्लंबर पाठवतो असं सावळीरामला सांगितलं, तर म्हणाला, बसवलासुद्धा. बटणही जागा बदलून घेतलं. त्यांची मर्जी.

इथे पंखा नाही. हवा तशी बरी आहे. दार उघडं ठेवलं तर येते.

लिफ्ट फार छान. दोनदा वर-खाली जाऊन आलो.

१५ मे

भात लावला. पाणी किती घालायचं ते विचारायला पुण्याला फोन केला. फोन कुसुमनेच उचलला. तांदूळ बुडून वर बोटाचं एक पेर राहील एवढं, म्हणाली. नीट समजावून सांगितलं, घाई केली नाही. मागे नात हसत होती.

मग मी सहज विचारलं, इकडे कधी येतेस. रागावली नाही. म्हणाली, "आजारी पडलात तर येईन. कळवा."

म्हणजे नाही असं म्हणाली नाही. हे महत्त्वाचं.

भात करपला. दूध पिऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. सगळं तपासायला सांगितलं. नाडी, छाती, ब्लडप्रेशर. म्हणाले, या वयात इतकी उत्तम तब्येत क्वचित बघायला मिळते.

ब्लडप्रेशर पुन्हा एकदा बघा म्हटलं. त्यांनी बघितलं. नॉर्मल.