नऊ बार आणि माझा लिंबूसोडा

मंगळवार, ४ मार्च

उद्यापासून मी बारमध्ये जाणार! लिहिताना हात थबकला. पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असं मॅट्रिकच्या वर्षी ठरवलंय, तेव्हा लिहिलं.

कारण खालची शेजारीण. आज जिन्यात गाठलंच. "काल तुमच्या सूनबाई साडेअकराला आल्या हो. टॅक्सीनं." म्हटलं, कामाला गेली होती. "हो का? कसलं बाई काम?" — तो "बाई" इतका लांबवला की तेवढ्यात मी दोन जिने चढून आले असते.

सांगणार काय हिला? की माझी विधवा सून या शहरातल्या बारांचं पुस्तक लिहिते? कुठं बसावं, काय प्यावं, कुठं गाणं ऐकावं, कुठं नाचावं — दरवर्षी नवी आवृत्ती, परगावच्या पाहुण्यांसाठी. आधी मुलगा लिहायचा. मी चारचौघांत सांगायची, "प्रवासाची पुस्तकं लिहितो." तीन वर्षांपूर्वी तो गेला, आठ दिवसांच्या तापात. महिनाभरानं हिनं त्याची वही उचलली आणि पुढच्या पानावर लिहायला लागली. तेव्हा माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. नंतर बोलायची वेळ निघून गेली.

देवापुढं रोज एकच मागणं — हिचं हे काम सुटू दे. हिला घरात राहू दे. शिकवण्या घेईल, शाळेत लागेल, काहीही करील. घरात आम्ही दोघीच. ती बाहेर असली की मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

म्हटलं, "मी येत जाईन बरोबर. दोघी असलो की लोकांची तोंडं बंद."

"आई, तुम्हाला नाही झेपणार ते."

झेपणार नाही! हिच्या सासऱ्यांना मी अडतीस वर्षं झेपवलंय.

मग तिनं अटी घातल्या. आपण कोण ते सांगायचं नाही. बिल आपणच द्यायचं, पुस्तक काढणारी कचेरी ते मागाहून भरून देते. आणि फुकट काही घ्यायचं नाही — बडीशेपसुद्धा नाही. "एवढी एक गोष्ट मोडली की माझं काम गेलं, आई."

या खेपेला नऊ ठिकाणं बघायची आहेत. नऊ!

बुधवार, ५ मार्च

पहिला बार समुद्राकाठी. फरशीच नाही, नुसती वाळू. खुर्चीवर बसले तर खुर्ची एका अंगानं खाली चालली. याला म्हणे मोकळं वातावरण म्हणतात. फरशीचे पैसे वाचवले आणि वर त्याचेच पैसे लावले — माणूस हुशार आहे.

लिंबूसोडा मागवला. त्यात छत्री! कागदाची, गुलाबी. ग्लासात पाऊस पडणार होता की काय?

आणि सूर्य बुडाला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अहो, तो रोज बुडतो! उगवतो तेव्हा यातला एक जण उठत नसेल.

सूनबाईनं पुस्तकासाठी पाचपैकी चार तारे दिले. मी एक दिला असता, तोही समुद्राला. तो काही त्या मालकानं केलेला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आज दोन.

पहिला गोदीजवळ. खुर्च्याच नाहीत, उभ्यानं प्यायचं. माणसं येतात, गिळतात, तोंड पुसतात, जातात. मी घड्याळ लावून बघितलं — सरासरी सहा मिनिटं. दवाखान्यात औषधाला याहून जास्त वेळ लागतो. मालकीण गल्ल्यावर, दंड माझ्या मांडीएवढे. आतून स्टूल आणलं, पदरानं पुसलं. "बसा आजी." आजी! माझ्याहून फार तर पाचच वर्षांनी लहान असेल. पण फरशी आरशासारखी होती. खोटं लिहायचं नाही.

दुसरा तळघरात. निळा दिवा, म्हणजे जवळजवळ अंधारच. अंधार हाच या लोकांचा झाडू. दिसत नाही म्हणजे कचरा नाही! चप्पल फरशीला चिकटून मागं राहत होती. वर तो ढोल की काय, थेट बरगड्यांत वाजतो. मी मनातल्या मनात जप सुरू केला, तर तिसाच्या पुढं मणी जाईना. पोरंपोरी एकमेकांच्या कानात ओरडतात आणि दोघंही मान हलवतात. ऐकू एकालाही येत नाही. सुखी संसार म्हणतात तो हाच असावा.

सूनबाई मात्र दारावरच्या त्या कपाटाएवढ्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलत उभी. बाहेर आल्यावर मी बोललेच, "काय एवढं हितगुज?"

"एकटी बाई आली तर हा तिला टॅक्सीपर्यंत सोडतो का, ते विचारत होते. बाथरूमला कडी आहे का, मागचं दार कुठं उघडतं — मी हे लिहिते आई. बाकी कुणी लिहीत नाही."

कडी होती. मी दोनदा लावून पाहिली होती.

शनिवार, ८ मार्च

हॉटेलातला बार, पुस्तकांच्या कपाटांचा. पुस्तकं नुसत्या पाठी! मागं लाकूड. एक ओढायला गेले तर आख्खी रांग हातात आली.

सोमवार, १० मार्च

आज गच्ची. बाविसावा मजला. लिफ्टमध्ये आरसा, आरशात मी — कापडी पिशवी, चष्मा, आणि आजूबाजूला उघड्या पाठीच्या चार बाया. त्यांना थंडी वाजत असेल म्हणून मला काळजी. त्यांना माझी लाज.

व्यवस्थापक टाय लावलेला. आम्हाला बघून त्यानं आधी मागं पाहिलं, बरोबर पुरुष आहे का ते. नाही म्हटल्यावर खांबाआडचं टेबल. कठड्याजवळची सगळी "राखीव". रिकामी, आणि राखीव.

सूनबाई जिना आणि बाथरूम बघायला गेली. तिची वही टेबलावर. वाचली — "उंचावरून शहराचं दर्शन". उंच म्हणजे किती? मला असलं मोघम चालत नाही. वाणसामानाच्या यादीतसुद्धा मी "थोडी साखर" लिहीत नाही. टायवाला जवळून चालला होता. विचारलं, "तुमची गच्ची जमिनीपासून किती फूट?"

"कशासाठी, मॅडम?"

"पुस्तकात लिहायचंय."

गेलं तोंडातून! त्याचं तोंड असं बदललं, दिवा लावल्यासारखं. "मॅडम, आधी नाही का सांगायचं!" मी म्हटलं, मला फूट सांगा. त्यालाही माहीत नव्हते.

निघताना सूनबाई पुढं लिफ्टपाशी. टायवाल्यानं मागून येऊन हातात खोकं दिलं. "केक आहे. बिनअंड्याचा. न्या घरी, नाहीतर आता टाकूनच देणार." मी नकोच म्हटलं होतं. पण टाकून देणार! आख्खा केक! अन्न टाकलेलं मला बघवत नाही आणि ऐकवतही नाही. पिशवीत घातला.

घरी सूनबाईला सांगितलं, कोपऱ्यावरच्या बेकरीतला आहे. ती लिफ्टपाशी असताना कुठली बेकरी? पण तिनं विचारलं नाही. दमली होती. दोन तुकडे खाल्ले बिचारीनं.

कोरडा होता.

मंगळवार, ११ मार्च

सूनबाईनं गच्चीला एक तारा दिला. "एकट्या बायकांना खांबाआड बसवतात," असं स्वच्छ लिहिलं. मला आनंद झाला. उरलेला केक मी पाठमोरी होऊन संपवला.

शुक्रवार, १४ मार्च

गाण्याचा बार. गाणारी माझ्या वयाची — ओठ लालभडक, अंगावर चमक्या, आणि गुडघ्याला पट्टा! दोन गाण्यांच्या मध्ये खुर्चीचा आधार घेऊन उभी राहायची. या वयात हे धंदे. सोडा संपला, सूनबाईचं लिहून झालं, तरी मी आणखी तीन गाणी बसले. पाय दुखत होते म्हणून.

"आई, हिला किती तारे?"

"मला काय विचारतेस?"

"सांगा ना."

सांगितले. पाच. लोक जेवताना मोठ्यानं बोलत होते त्याचा एक कापला. चार.

शनिवार, १५ मार्च

शेवटचे तीन एकाच संध्याकाळी उरकले. एकात माश्या. एकात मासे — काचेत, जिवंत, आणि त्यांच्यासमोर बसून त्यांचेच भाऊबंद खाणारी माणसं. तिसरा बंद पडलाय, तिथं आता टायर विकतात. तिन्हींत तोच स्वच्छ.

नऊ झाले. सुटले.

मंगळवार, १८ मार्च

सूनबाई दुपारीच घरी आली. चप्पल न काढता दारात उभी.

"आई, तो केक कुठून आला होता?"

छापण्याआधी कचेरी प्रत्येक बारला त्याचा मजकूर पाठवते, वेळ आणि पत्ता बरोबर आहे ना ते बघायला. टायवाल्यानं आपला एक तारा पाहिला आणि पत्र धाडलं — तुमच्या बाईंनी आमच्याकडून केक घेतला, घरी नेला, आणि वर ही बदनामी! परवा गुरुवारी संपादकांनी हिला बोलावलंय. असं झालेल्या दोघांना याआधी काढून टाकलंय म्हणे.

मी सगळं सांगितलं. फूट, खोकं, बेकरी. वाटलं, ओरडेल. ओरडावं असंही वाटलं.

"बरं," म्हणाली. आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

सात वाजता ती घरात होती. जेवली. भांडी विसळली. नवऱ्याची ती वही काढून बसली — सुरुवातीची पानं त्याच्या अक्षरातली, नंतरची हिच्या. वाचलं काहीच नाही. साडेआठला दिवा मालवला. तीन वर्षं मी देवाकडं हीच संध्याकाळ मागत होते. घर इतकं गप्प की खालचीच्या टीव्हीतला शब्द न् शब्द कळत होता.

देवापुढं बसले. दिलंस की रे मागितलेलं — आणि तेही माझ्याच हातानं! हात जोडले. आभार मानायला तोंड उघडेना.

बुधवार, १९ मार्च

बाजारात जाते सांगून संपादकांकडे गेले. दोन बस बदलून. जगाला टापटीप शिकवणारी ती कचेरी — जिन्यात कागदाचे गठ्ठे, खिडकीच्या काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. संपादक म्हणजे कुणी पोक्त माणूस असेल असं वाटलं होतं. हा माझ्या मुलाच्या वयाचा, शर्टाला एक बटण कमी.

उभ्याउभ्याच बोलले. "मी तिची सासू. केक मी घेतला. तिला ठाऊक नव्हतं. शिक्षा काय ती मला करा."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "गच्चीवरचा? कोरडा होता का?"

"होता."

"मागच्या वर्षी मलाही पाठवला होता. मी परत केला." आणि हसायला लागला! मला बसवलं. "आजी, तिला काढत नाही. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, एक ताकीदपत्र देईन, संपलं. तिनं लिहिलेलं बाथरूमच्या कडीपर्यंत खरं असतं. पण तुम्हाला म्हणून सांगतो — मला तिला इथं ठेवायचंच नाहीये."

मी पिशवी उचलून उठायला लागले.

"सबंध किनाऱ्याचं पुस्तक काढतोय आम्ही. सहा शहरं, प्रत्येक ठिकाणी सहा महिने राहून. प्रमुख म्हणून तीच हवी. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर, घरी आई एकट्या आहेत. शुक्रवारपर्यंत नाव कळवायचंय, नाहीतर दुसरा माणूस घेतील."

सहा सक छत्तीस महिने — तीन वर्षं. गणित करायला मला कागद लागत नाही.

त्यानं पाणी दिलं. प्यायले. फुकटचं.

घरी आले तर सूनबाईनं पिशवी बघितली. रिकामी. "बाजारात काही मिळालं नाही का?" म्हटलं, सगळं महाग.

गुरुवार, २० मार्च

ताकीद मिळाली, काम राहिलं. सूनबाई जिन्यातून हाका मारतच वर आली. चुलीपाशी येऊन मला मागून मिठी मारली. "आई, गोदीवरची मालकीण विचारत होती, तुमच्या आजी परत कधी येणार?" मी म्हटलं, तिला विचार, आजी कुणाला म्हणतेस म्हणून.

रात्रभर गप्पा मारल्या. तळघराला शिव्या घातल्या, टायवाल्याची नक्कल केली. ती पोट धरधरून हसली. पोरगी इतकी हसते हे मी विसरलेच होते.

किनाऱ्याच्या पुस्तकाचं अवाक्षर काढलं नाही तिनं. मी दोनदा वाट करून दिली. म्हणाली, "इथंच बरं आहे की आपलं."

बरं आहेच. फार बरं आहे. आज देवाकडं काही मागितलं नाही. काय मागायचं ते ठरेना.

शुक्रवार, २१ मार्च

सूनबाई संध्याकाळी आली. पर्सही खाली ठेवली नाही. "आई, आज सकाळी पुन्हा संपादकांकडे कशाला गेला होता?"

म्हटलं, तुझी किनाऱ्याच्या पुस्तकावर बदली मागायला. मिळाली.