चादरीतल्या माणसाच्या नाकाविषयी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला, तेव्हा एकच नमस्कार पुष्कळ मान.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की अजून चिवट पाहुण्यासारखा ठाण मांडून बसलाय? इकडे सगळं मजेत. म्हणजे तुझी भावजय मजेत आहे आणि मी स्वयंपाकघरात आहे. का, ते सांगतो.

शिवणाचं दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यापासून मी फोनवर माणसांचे फोटो काढतो, हे तुला ठाऊक आहे. आपलं आपणच शिकलो. कापड बेतायला तरी कुणी हात धरून शिकवलं होतं? तर फोनवरच एक मंडळ सापडलं. तिथे सगळे टोपणनावानं वावरतात, चेहऱ्यांचे फोटो टाकतात आणि एकमेकांची यथेच्छ चिरफाड करतात. नियम एकच, पण कडक: दिलेलं मत पुसायचं नाही. मला हे फार आवडलं. (कापड एकदा कापलं की कापलं.) मी 'कातर' हे नाव घेतलं आणि मतं वाटत सुटलो. कुणाची कॉलर उभी, कुणाचा खांदा उतरलेला, कुणाचा सगळा उजेड बटणावरच. चेहऱ्याकडे माझं लक्ष जरा उशिराच जातं. जन्माची खोड आहे, आता कुठे जाते!

मग माझा फोटो टाकला. तुझ्या भावजयीला उन्हाच्या खिडकीशी बसवून मध्ये पिठाची चाळणी धरली, तर तिच्या चेहऱ्यावर उजेडाचे ठिपकेच ठिपके. वाटलं, आता मंडळ मला डोक्यावर घेणार. एकानं लिहिलं, बाईंना कांजिण्या आल्यात, डॉक्टरांना दाखवा. ते मी हसण्यावारी नेलं. पण 'काजवा' नावाच्या कुण्या आगाऊ प्राण्यानं लिहिलं, 'चाळणी फार सुरेख आली आहे. मागे कोणी बसलं आहे का?' ताई, अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "माझी मान अवघडली होती, ते पण लिहायला हवं होतं त्यांनी."

पुढे त्या काजव्यानंच एक फोटो टाकला. गळ्यापर्यंत चादरीत गुंडाळलेला एक म्हातारा, ओले केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले, तोंडावर खुळं हसू. आयतं सावज! मी बाह्या सरसावून लिहिलं: उजेड बरा आहे, पण माणूस निवडताना डोळे उघडे ठेवावेत. हे नाक आहे की टोपी अडकवायची खुंटी? गाल म्हणजे पिकला भोपळा. चादरीची दुमड वाकडी. शिवणारा बहुधा झोपेत होता. पाठवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

हिनं हात पुसले, चादर आणली आणि माझ्या गळ्याभोवती खोचली. (माझे केस घरी हीच कापते, मला वाटलं, वेळ झाली असेल.) चष्मा काढून घेतला. फोनचा टिक् आवाज झाला. मग चष्मा परत नाकावर चढवून फोन पुढ्यात धरला आणि म्हणाली, "हं, आता सांगा, टोपी कुठे अडकवू?"

काजवा म्हणजे तुझी भावजय! ताई, चष्म्याशिवाय मला आरसाच दिसत नाही, मग चष्म्याशिवायचा मी मला कसा माहीत असणार? अंगात शर्ट असता तर हजारांत ओळखलं असतं स्वतःला. आणि ती वाकडी दुमड मीच घातलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हसून हसून आम्ही दोघं खालीच बसलो. पण हसू ओसरल्यावर फोटो पुन्हा पाहिला. माझं डोकं हिच्या हातात असताना मी इतका निवांत दिसतो, हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी चाळणी पाहिली गं. हिनं माणूस पाहिला.

आता खरी पंचाईत पुढेच आहे. मंडळ निवडक फोटो वाचनालयाच्या दालनात लावणार आहे, आणि हिचा निवडलाय. होकार शनिवारपर्यंत द्यायचा. तर ही म्हणते, "भोपळा कशाला टांगायचा भिंतीवर? नको म्हणून कळवते." हिनं स्वतःसाठी म्हणून केलेलं हे पहिलंच काही, आणि त्यावर मी शाई सांडली! मंडळात कौतुकाचं भलंमोठं मत लिहिलं, तर सगळे म्हणतात, कातरकाका, काल भोपळा आणि आज पौर्णिमेचा चंद्र? घरात चहा मी करतो, भांडी मी घासतो, तरी ही नुसतं "बघू" म्हणते.

पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं कारण हे, की तू त्या मंडळात शीर. कुठलंही टोपणनाव घे आणि फोटोचं असं कौतुक कर, की ही विरघळलीच पाहिजे. नाकाबद्दल दोन शब्द जास्त लिही. (घराण्याचं आहे, तुलाही तेच आहे.)

आणखी ता. क. : हिला यातलं अक्षरही कळता कामा नये. पाकीट चिकटवायला मात्र हिच्याकडेच देतोय. माझ्या हातून डिंक सांडतो, आणि ही दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही.

वन्सं, हे अक्षर माझं. कॉलरीवरून माणसं जोखणारा मंडळात एकच, तेव्हा कातर कोण ते मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. होकार कधीच कळवलाय. फोटो लागेल तेव्हा तुम्ही दोघं नक्की या. यांना मात्र शनिवारपर्यंत काही बोलू नका. चहा आत्ता कुठे जमायला लागलाय त्यांना.