एका कुंडीतली दोन पॅकेजं

चि. भाचीबाईंस मामाचा भरभरून आशीर्वाद. तुझं मनगट आता कसं आहे? माउस धरताना दुखतं म्हणालीस, तेव्हापासून तुझी मामी रोज माझ्याच मनगटाला तेल चोळते (तू हाताशी नाहीस ना!). आम्ही इथे मजेत. मी तर जरा जास्तच, पण त्याकडे येतोच.

तुला ठाऊक आहेच, इथल्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या पाट्या मी करतो. सव्वीस वर्षं तळघरातल्या खोलीत बसून एकेका झाडाचं नाव तीन भाषांत टाइप केलं. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवरच्या एडिटरने स्वतःला अपडेट करून घेतलं (मला न विचारता; घरातही हीच पद्धत आहे) आणि उघडताक्षणी एरर दिली, की बहुभाषिक पॅकेज लोड होत नाही. लॅटिन नावं जागच्या जागी, बाकी दोन भाषांचे नुसते चौकोन! चाळीस पाट्या अडकल्या. तू फोनवर म्हणालीस, पॅकेज काढ आणि परत टाक. काढलं, टाकलं. चौकोन ढिम्म हलेनात.

शेवटी साहेब वैतागून म्हणाले, पाट्या होईपर्यंत तुम्हीच पाटी व्हा, बागेत बसा आणि लोकांना नावं सांगा. मी खुर्ची उचलली आणि तळ्याकाठी जाऊन बसलो. अगं, काय सांगू तुला! सव्वीस वर्षं ज्यांची नावं लिहिली, त्यांना मी नीट पाहिलंच नव्हतं. दुपारी ऊन पानांतून गळत पाण्यावर येतं, पाणी ते परत पानांच्या पोटाशी नेऊन हलवत ठेवतं, आणि बघता बघता मला कळेनासं होतं, की मी झाडाखाली बसलोय की तळ्याखाली. कुणी नाव विचारलं की आधी जागा होतो, मग वर बघतो, मग सांगतो. दोनदा माझंच सांगितलं.

माळीबुवा येता-जाता थांबतात. त्यांच्यापाशी पॅकेजचं गाऱ्हाणं मांडलं, तर पाइप गुंडाळत म्हणाले, "जुनं मुळासकट काढलंत का? नाहीतर एका कुंडीत दोन रोपं झाली, दोन्ही खुरटणार." मी हसलो (हा माणूस कॉम्प्युटरला मांजरासारखा लांबूनच चुचकारतो).

असो. एडिटरची तब्येत अजून तोळामासाच आहे, तू काळजी करू नकोस. तो बरा झाला की मात्र मी परत तळघरात. नोकरीचे आठ महिने उरलेत. तेवढे तरी या झाडांपाशी काढावेत, असं फार फार वाटतं गं.

तुझा,
मामा

ता. क. : तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मंगळवारीच सगळं ठीक झालं. जुनं पॅकेज दुसऱ्याच फोल्डरात दडून बसलं होतं आणि नव्याशी भांडत होतं. दोन्ही उपटली, एकच लावलं, अक्षरं कशी तरारून आली! अजून कुणाला बोललेलो नाही.

ता. क. २ : तेव्हा तू इंजिनिअर म्हणून कंपनीच्या कागदावर चार ओळी लिहून पाठव, की बिघाड गुंतागुंतीचा आहे, पंधरा दिवस कुणी हात लावू नये. एवढं मामासाठी कर.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार, तेवढ्यात साहेब आले. पत्र माझ्या मांडीवरून उचललं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग बूट काढून गवतात बसले आणि कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. उठताना म्हणाले, "अक्षरं आलेली मी मंगळवारीच पाहिली. पण पंधरा दिवसांत काय होतंय? आठ महिन्यांचं मागवा. आणि उद्यापासून इथे दोन खुर्च्या टाका."