माळावरच्या कुत्र्याचा धडा

३ जून, सोमवार
शुक्रवारी जिल्ह्याच्या गावाहून तपासणीबाई येणार. आमची तंबूतली बालवाडी पुढच्या उन्हाळ्यात ठेवायची की गुंडाळायची, ते ठरवणार. गुंडाळली तर माझ्या नशिबी पुन्हा लोकरीचा ट्रक. ट्रक हाकून हाकून मास्तर झालेला माणूस या खोऱ्यात मी एकटाच. आता मागं जाणं नाही. प्लॅन तयार: बाईंपुढे धडा लांडग्यांच्या टोळीचा. तिच्यात शिस्त असते, एक पुढारी असतो. (पुढारी मी.)

४ जून
लांडग्याचं चित्र दाखवून विचारलं, हा कोण? पोरं दाराबाहेर बघायला लागली. शेवटी एनेबिश कुजबुजली, माळावरचा कुत्रा. (पोर सहा वर्षांची. आधीची भावंडं गेली, म्हणून भुतांना चकवायला आईबापांनी नावच ठेवलं एनेबिश, म्हणजे ‘ही नव्हे’.) त्याचं खरं नाव घ्यायचं नसतं म्हणे, घेतलं की येतो. मी हसून सांगितलं, लांडगा म्हणा की लांडगेबुवा म्हणा, खायचा तो खातोच. फळ्यावर ठळक लिहिलं. बायकोनं, नोर्जमानं, पुसलं. म्हणाली, अहो, समोर मेंढ्या चरतायत, जीभ आवरा.
अडाणीपणा! पण डस्टर तिच्याकडे असतं.

५ जून
हूऽऽऽ शिकवलं. प्रत्येकानं वेगळा सूर धरायचा, म्हणजे थोडे असले तरी पुष्कळ वाटतात. पोरं रंगली. गृहपाठही दिला.

६ जून, सकाळ
गृहपाठ झाडून सगळ्यांनी केला. वस्तीच्या म्होरक्या गोंबोकाकांच्या मेंढ्या डोंगरापलीकडे पळाल्या. काका घोड्यावरूनच बोलले: अरे लुवसान, ट्रक चालवायचास तेव्हा निदान हॉर्न तरी द्यायचास! पुन्हा एक हूऽ ऐकू आला तर सगळे तंबू उचलून नदीपार जाणार. पोरांसकट. मग बाई काय, रिकाम्या सतरंज्या तपासणार?
उपाय: शिकवलेलं विसरायला लावायचं. सोपं आहे.

६ जून, दुपार
विसरत नाहीत. टोळी झाली आहे. पुढारी एनेबिश. दह्याचे वाळवलेले खडे आधी ती खाते, मग मानाप्रमाणे बाकीचे. माझा नंबर शेवटचा. तोवर खडे संपले.

७ जून
बाई आल्या. मी घाईघाईनं उंटाचं गाणं बसवलं होतं. बाईंनी आपल्या पिशवीतून चित्र काढलं. लांडगा! हा कसा ओरडतो, दाखवा बघू. पोरांनी एनेबिशकडे पाहिलं. एनेबिशनं दाराबाहेर पाहिलं. काकांनी कशाबशा गोळा केलेल्या मेंढ्या उतारावर चरत होत्या. तिनं नाही म्हणून मान हलवली. टोळी चिडीचूप. बाईंनी पेनचं टोपण काढलं. माझा धीर सुटला. वाटलं, एकानं सुरुवात केली की बाकीचे साथ देतात, टोळीचा नियमच आहे. दिला सूर.
साथ दिली काकांच्या कुत्र्यांनी. तंबूत शिरून. बाई सामानाच्या पेटीवर चढल्या.

७ जून, संध्याकाळ
निकाल तोंडी सांगून गेल्या. बालवाडी राहणार. समोर मेंढ्या बघून तोंड मिटणारी इतकी समंजस पोरं कुठं पाहिली नाहीत म्हणे. शिकवणार मात्र नोर्जमा.
मेंढ्या पुन्हा पळाल्यात. त्या मी आणून दिल्या तर नदीपार जाणं रद्द, असं काका म्हणाले.

८ जून
डोंगरावर. एनेबिश बरोबर आहे. मेंढ्या दिसत नाहीत. हाक मारून बघू का, विचारलं.
म्हणाली, मास्तर, तुम्ही नुसतं माझ्या मागून चाला.