मॅगझिनच्या पोटातला सरकारी शिक्का

प्रति,
मा. शस्त्र तपासणी अधिकारी साहेब,
डोंगरी विभाग शस्त्र तपासणी कक्ष,
भोर.

अर्जदार : सोजराबाई रेणुसे, वय ७१, मु. पाली, ता. वेल्हे, जि. पुणे.

विषय : पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सांडलेला लाखेचा सरकारी शिक्का काढून नवी स्प्रिंग बसवू देण्याबाबत. (अर्ज सातवा)

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपले दि. ३० जानेवारी २०२६ चे पत्र.

महोदय,

१) आमची नात प्रांजल हिचे लग्न ज्या साली झाले, त्या सालापासून हे प्रकरण आहे. म्हणजे २०२४. मांडव उतरवायच्या दिवशी ठाण्यातून निरोप आला की निवडणूक लागली आहे, परवान्याचे पिस्तूल जमा करा. त्या वेळी माझे यजमान पडवीत वर्तमानपत्र पसरून पिस्तूल उघडूनच बसले होते. पुण्याच्या परवानाधारक दुकानातून मागवलेली मॅगझिनची नवी स्प्रिंग आणि नवा फॉलोअर लग्नाच्या आठवड्यातच आला होता. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, आणि फॉलोअर म्हणजे तिच्यातल्या स्प्रिंगच्या डोक्यावर बसणारी, गोळ्यांना खालून वर ढकलणारी पट्टी. बसवायला दहा मिनिटे लागली असती. यजमान म्हणाले, “सरकारचा निरोप हाय, आल्यावर बसवू.” जुनीच स्प्रिंग आत ठेवून त्यांनी पिस्तूल बंद केले. ती दहा मिनिटे आजपर्यंत मिळालेली नाहीत.

२) यजमानांनी बावीस वर्षे फौजेत हत्यारे दुरुस्त करण्याचे काम केले. त्यानंतर चौदा वर्षे बँकेच्या रोकड गाडीवर पहारा दिला. परवाना त्यासाठीच होता. या पिस्तुलातून एकाही माणसावर गोळी झाडली गेली नाही, याची नोंद घ्यावी. वय झाल्यावर पिस्तूल कायमचे सरकारजमा करायचे त्यांनी ठरवले. पण मॅगझिनमध्ये खोड होती. आठ गोळ्यांपैकी पहिल्या चार सरळ वर येत. पाचवी नाक खाली घालून आत अडके. फौजेत सरावाला असतात तसल्या पितळी नकली गोळ्या घालून त्यांनी मला कितीदा तरी दाखवले. स्प्रिंग थकली होती आणि तिच्यावरची पट्टी पुढच्या बाजूला कलत होती. नव्या स्प्रिंगला दोन वेढे जास्त आहेत, आणि नव्या पट्टीला खाली लांब पाय आहेत, त्यामुळे ती कलत नाही. अडकणारे हत्यार सरकारला देणे त्यांना पटत नव्हते. “उद्या कोणी म्हणंल, रेणुशानं भंगार आणून टाकलं,” असे ते म्हणत. आठच्या आठ गोळ्या वर आलेल्या बघायच्या आणि मग पिस्तूल द्यायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

३) जमा करायला गेलो त्या दिवशी ठाण्यात शस्त्र घालून शिक्का मारायच्या पिशव्या संपल्या होत्या. ड्यूटीवरचे हवालदार तरुण आणि मनाने चांगले होते. शिक्का तर कुठेतरी मारलाच पाहिजे, म्हणून त्यांनी लाख वितळवून मॅगझिनच्या तोंडात ओतली व वरून पितळी ठसा दाबला. यजमान उठेपर्यंत लाख आत उतरली होती. ती पट्टीवर पसरून पट्टी आणि पत्रा एकमेकांना चिकटले. हवालदार म्हणाले, “बाबा, आता कोणाचा बाप यात गोळी घालत न्हाई.” हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे.

४) निवडणूक झाल्यावर पिस्तूल परत मिळाले. शिक्काही सोबत मिळाला. पहिल्या अर्जात आम्ही पिस्तूल सरकारजमा करून घेण्याची विनंती केली. उत्तर आले की नादुरुस्त शस्त्र कायमचे जमा करून घेता येत नाही, दुरुस्त करून आणावे. दुसऱ्या अर्जात दुरुस्तीसाठी शिक्का काढू देण्याची विनंती केली. उत्तर आले की सरकारी शिक्का तोडणे हा गुन्हा आहे. तिसऱ्या अर्जात दोन्ही उत्तरे एकाखाली एक लिहून पाठवली आणि यातले कोणते आधी पाळावे, असे विचारले. उत्तर आले की एका अर्जात एकच विषय असावा.

५) चौथ्या अर्जानंतर आपल्याकडून तपासणीचा दिवस मिळाला. यजमानांना तेव्हा बसता येत नव्हते. पुतण्या पप्पू याच्या टेम्पोत गादी घालून त्यांना पालीहून नसरापूर आणि तिथून भोरला आणले. तपासणाऱ्या साहेबांनी मॅगझिन उन्हात धरून पाहिले आणि अहवाल दिला. तो असा : “गोळी अडकत असल्याची तक्रार आढळून आली नाही, कारण गोळी आत जात नाही. स्प्रिंग स्थिर आहे.” यजमानांनी अहवाल दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, “स्थिर तर मीबी हाय.” त्याच दिवशी नोंदीत “पिस्तूल एक, मॅगझिन एक” याखाली “शिक्का एक” अशी भर पडली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी शिक्का शाबूत असल्याचे दाखवायला आम्ही येतो. पिस्तुलाबद्दल कोणी विचारत नाही.

६) पाचवा अर्ज परत आला, कारण माझे मधले नाव लिहिलेले नव्हते, आणि परवानाधारकाच्या नावाच्या जागी सगळीकडे “यजमान” असे होते. याचा खुलासा करते. यजमानांचा हात थरथरू लागला, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. मी अक्षरे त्रेपन्नाव्या वर्षी शिकले. आमच्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, म्हणून माझ्या हाताला ते लिहायची सवय नाही. परवान्याच्या प्रतीवर ते छापलेलेच आहे. आपले लिपिक गेनू भाऊसाहेब म्हणाले, “आजी, उखाण्यात घेता तसं घ्या की!” मी म्हणाले, “उखाण्याला ऐकायला वऱ्हाड लागतं, भाऊसाहेब. हितं तर पंखाबी बंद हाय.” ते हसले आणि अर्ज परत माझ्या हातात दिला. सहाव्या अर्जावर मी परवान्याच्या प्रतीतून कात्रीने नाव कापून चिकटवले. त्यावर “कागदपत्रात खाडाखोड” असा शेरा आला.

७) शिक्का काढणे अवघड नव्हते, हेही नमूद करते. कोयत्याच्या मुठीत लाख बसवणे आणि काढणे हे काम मी लहानपणापासून करते. मॅगझिन रिकामे आहे, आत एकही गोळी नाही. चुलीच्या धगीला धरले असते तर दोन मिनिटांत लाख मऊ झाली असती. मागच्या दिवाळीत मी ते चुलीजवळ नेलेही होते. यजमान आतून म्हणाले, “सोजरा, कोयत्याची लाख आपली हाय. ही सरकारची हाय.” मी रागाने बोलले, की सरकार काय बघायला येतंय पालीला? ते म्हणाले, “म्हणून तर आपण बघायचं.” मी मॅगझिन फडताळात परत ठेवले. साहेब, तो शिक्का आमच्या घरात आम्ही देवासारखा सांभाळला आहे, आणि देवाने जेवढी उत्तरे दिली तेवढीच आपण दिली.

८) नवी स्प्रिंग औषधाच्या रिकाम्या डबीत आहे. तिला गंज चढू नये म्हणून यजमान दर सोमवारी शिलाई मशीनचे तेल लावत. हात चालेना तेव्हा ती चिमटीत दाबून सोडायचे काम मी करत असे आणि ते बघत. पूर्ण उसळली की “व्हय” म्हणत. पौष महिन्यात त्यांनी अन्न कमी केले. तरी सोमवार विसरले नाहीत. पोस्टमन आला का, हे ते रोज विचारत.

९) आपले ३० जानेवारीचे पत्र मला ९ फेब्रुवारीला मिळाले. सहाव्या अर्जावर शेरा मारूनही त्यात शिक्का तोडण्यास परवानगी दिली आहे, याबद्दल आभारी आहे. त्यात पुढे असे आहे की परवानाधारकाने २३ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे, अन्यथा परवानगी आपोआप रद्द समजली जाईल. परवानाधारक हजर राहू शकत नाहीत. पत्र पोचले तेव्हा वेळ निघून गेली होती. फोटो चालत असेल तर मी घेऊन येईन. आपल्या कार्यालयाने पहिल्या अर्जाच्या वेळी मागवलेल्या तीन फोटोंपैकी एक माझ्याकडे शिल्लक आहे, आणि त्यात ते आपल्या तेव्हाच्या पत्रात म्हटल्याप्रमाणे सरळ बसलेले आहेत.

१०) परवानाधारक नसल्याने पिस्तूल ताबडतोब जमा करावे लागेल, हे पोलीस पाटलांनी मला सांगितले आहे. ते कपाटात कुलपात आहे आणि २३ तारखेला पाटलांसोबत येईल. माझी विनंती एवढीच, की जमा करून घेण्याआधी शिक्का आपण आपल्या हाताने काढावा. मी काढणार नाही, कारण तसे मला सांगितलेले आहे. मग नवी स्प्रिंग आणि नवा फॉलोअर बसवावा. बसवता न आल्यास मी सांगेन, बघून बघून मला येते. आठ नकली गोळ्या मी आणीन. त्या माझ्यासमोर एकेक वर येऊ द्याव्यात. पाचवी आली की मला पुरे, पण आठही मोजाव्यात. त्यानंतर पिस्तुलाचे काय करायचे ते आपण ठरवावे. नवा शिक्का मारायचा झाल्यास कृपया पिशवीला मारावा. पिशवी मी शिवून आणते.

आपली नम्र, आणि सातव्या वेळीही नम्रच,

सोजराबाई सावळाराम रेणुसे
(सही)

पाली, दि. १६ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. परवान्याची प्रत (नाव कापलेली).
२. सहा अर्जांच्या पोचपावत्या. चौथ्याची पोच दिलेली नाही.
३. स्प्रिंग व फॉलोअर खरेदीची पावती.
४. मृत्यूचा दाखला अजून हातात पडलेला नाही. दाखल्यावाचून अर्ज परत येऊ नये, म्हणून त्या जागी मी स्वतः लिहून देते : सावळाराम हरिबा रेणुसे हे मंगळवार, दिनांक ३ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी सहा वाजता पाली येथे राहत्या घरी वारले.