बळजबरीचं रान

मु. माळेवाडी, पो. रेणापूर,
जि. लातूर
दि. १७ फेब्रुवारी १९८५

श्री. शेषेराव यांस,
रामकिशन ग्यानोबा सरवदे याचा जयभीम.

इकडे आम्ही मायलेक बरे आहोत. तिकडे मुदखेडला तुम्ही, बाई आणि लेकरं बरी असतील. पावसानं यंदाही दगा दिला. विहिरीला दीड हात पाणी आहे. ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, हरभरा त्यातल्या त्यात बरा. हे तुमच्याच रानाचं वर्तमान आहे, पण तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून नवं वाटेल.

तुमच्या दाव्याची नक्कल मिळाली. दोनदा वाचली. पहिल्याच ओळीत जिल्हा उस्मानाबाद लिहिला आहे. लातूर जिल्हा होऊन अडीच वर्षं झाली. जमिनीचे भाव वाढले ते मात्र तुम्हाला मुदखेडात बसून बरोबर कळले. पुढे माझ्या वडिलांचं नाव 'ग्यान्या' असं आहे. मी आठवीपर्यंतच शिकलो, पण कोर्टाच्या कागदावर माणसाचं नाव पुरतं लिहावं, एवढं मला कळतं. त्यातून ते माणूस वारलेलं असेल तर नक्कीच.

आणि त्या 'ग्यान्याने' म्हणे सप्टेंबर १९७२ मध्ये तुमच्या गैरहजेरीचा फायदा घेऊन चार एकरांवर बळजबरीने ताबा केला.

शेषेराव, त्या दिवसाचा शब्दन् शब्द आईला पाठ आहे. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. चारा नव्हता म्हणून तुम्ही बैल विकलेत आणि सासुरवाडीला मुदखेडला निघालात. आदल्या दिवशी आमच्या वस्तीवर आलात. त्याआधी कधी आला नव्हतात. पाणी मागितलंत. आईनं तांब्या दिला, तो तोंडाला न लावता तुम्ही वरून ओतून प्यालात. मग म्हणालात, "ग्यानोबा, रान पड पडू देऊ नको. तू कर, तू खा."

वडील म्हणाले, "मालक, तुमचे भाऊबंद हाईत की."

"भाऊबंदाच्या हातात गेलं तर सुटायचं न्हाई. तुझं तसं न्हाई. तू कुठं जाणार हाईस?"

एवढाच तुमचा आमच्यावर विश्वास. माणूस दुबळा आहे, म्हणून.

त्या रानात तेव्हा मातीपेक्षा दगड जास्त. वडिलांनी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि उरल्या वेळात तुमचे दगड वेचायचे. त्याच दगडांचा बांध घातला. बुजलेली विहीर उपसली. बारा वर्षांत तुम्ही एकदाही बांधावर आला नाहीत. वडील वारले तेव्हा कार्ड टाकलं होतं, त्याचंही उत्तर नाही. दिवाळीनंतर मात्र तुमचा मेव्हणा जीपमधून माणसं घेऊन आला आणि खाली न उतरता, बसल्या जागेवरून बोट फिरवत रान दाखवून गेला. कुणाला दाखवलं, ते मला माहीत नाही. माणसं लातूरची होती.

आता वकिलांचं. लातूरचे ईश्वरप्पा वकील. त्यांनी विचारलं, "शेषेरावाला काही देत होता का? खंड, बटई?"

"नाही साहेब. नुसता वानवळा."

"कसला वानवळा?"

मी सांगितलं. दर संक्रांतीला आई तुरीच्या शेंगा, हुरडा, हरभऱ्याचे डहाळे पिशवीत भरते आणि मी मुदखेडला पोचवून येतो. नव्या पिकातलं पहिलं, रान ज्याचं त्याच्या घरी जावं, ही आमच्या घरची रीत. पिशवी देताना मी म्हणतो, 'मालक, तुमच्या रानातला वानवळा आणला आहे.' वानवळ्याची पिशवी रिकामी परत देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हीही रीतच आहे. तुमच्या घरून ती रिकामीच यायची. हे मी वकिलांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.

वकील कपाळाला हात लावून बसले. "हे बाहेर बोलू नको. वानवळा दिला म्हणजे तू त्याला मालक मानलंस. मग बारा काय, शंभर वर्षं कसलंस तरी रान त्याचंच." मग दाव्याच्या कागदावर बोट ठेवून हसले. "पण हा गडी बघ. स्वतःच लिहून बसला, बळजबरीनं घुसले. बळजबरीनं घुसलेला बारा वर्षं राहिला आणि मालक गप बसला, तर रान घुसणाऱ्याचं. अरे, हा तर तुझाच साक्षीदार हाय."

तर असं आहे. खरं सांगितलं असतंत तर रान तुमचं होतं. एवढंच लिहायचं होतं की, मी ग्यानोबाच्या दारी गेलो, रान सांभाळ म्हणालो आणि बारा वर्षं त्याच्या घरचा वानवळा खाल्ला. तेवढं तुमच्यानं लिहवलं नाही. आम्हाला चोर म्हणणं सोपं गेलं. एवढ्या अकलेच्या माणसाला आम्ही इतकी वर्षं मालक म्हणालो, याची मला लाज वाटते.

इथं मी दोनदा पेन खाली ठेवलं. राहिलेलंही लिहितो.

गेल्या सोमवारी मी तुमच्या दाव्याला उत्तर म्हणून द्यायच्या कैफियतीवर सही केली. ती कोर्टात दाखल झाली आहे. कारकून रजेवर होता म्हणून मजकूरही माझ्याच अक्षरात आहे. 'माझे वडील ग्यानोबा सरवदे यांनी सदर जमीन बळजबरीने ताब्यात घेतली, हे वादीचे म्हणणे कबूल आहे.' एकही खाडाखोड नाही.

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप तसंच हातात धरून म्हणाली, "शेषेरावानं तुझ्या बापाला चोर म्हणलं, त्यो परका हाय. तू कसं म्हणलास?"

"रान राहील, आई."

"राहील की. पण बायका इचारतील, कसं राहिलं म्हून. काय सांगू?"

त्या दिवसापासून ती रानात आलेली नाही. हरभरा मी एकटाच उपटतो आहे.

म्हणून हे पत्र. यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि खाली माझी सही आहे. हे कोर्टात दिलंत तर रान तुम्हाला परत मिळेल. खोटी कैफियत दिली म्हणून मग माझं काय होईल, ते मी वकिलांना विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. फक्त, दिलंत तर ते मोठ्यानं वाचलं जाईल. तारखेला गाव येतं. तुमचे भाऊबंदही येतात, आणि त्यांच्याबद्दल तुम्ही काय बोललात ते यात आहे. कुणाच्या दारी पाणी मागितलंत आणि कसं प्यालात, तेही आहे.

नाही दिलंत तर चुलीत घाला. मग रान आमचं, माझा बाप चोर, आणि तुमची इज्जत तुमच्यापाशी.

पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल मी वहीत उतरून ठेवतो. याची ठेवलेली नाही. एकच कागद आहे आणि तो तुमच्या हातात आहे. तारीख बारा मार्च. मी हजर असेन.

ग्यानोबा सरवदे यांचा मुलगा,
रामकिशन